निम्म्या मिठाचे नूडल्स

"झालं का हो?" सिस्टरांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

आतल्या खोलीत पलंगावर डोळे मिटून पडलेले मिस्टर म्हणाले, "अजून नाही."

"नीट ऐकून सांगा. मागच्या खेपेसारखं पेपरात तोंड खुपसून नको."

"पेपर उशीखाली आहे. शपथ."

"उशीखाली कशाला? बाहेर टाका आधी तो."

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, या घरात हा प्रकार चालायचा. समोर नव्याने राहायला आलेल्या बाईंना पहिल्यांदा वाटलं, आत कुणीतरी अत्यवस्थ आहे आणि बायको दर दोन मिनिटांनी चौकशी करते आहे. त्या बिचाऱ्या फळं घेऊन भेटायला आल्या. मिस्टर पलंगावरून टुणकन उठून दार उघडायला गेले, तेव्हा बाईंना फळांची पिशवी कुठे लपवू असं झालं.

सिस्टर म्हणजे काही नर्सिंग शिकलेल्या नव्हेत. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करायची, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं काम. अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं वेळेवर देणं, आणि माणूस चिडला तर चिडू देणं. गल्लीने त्यांना सिस्टर केलं आणि ओघाने नवऱ्याला मिस्टर. मिस्टरांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. घड्याळाच्या काट्यांवर आयुष्य काढलेला माणूस! पण मसाला किती वेळ परतायचा हे घड्याळ लावून सांगायला मात्र त्यांना घरात सक्त मनाई होती. ते कानांनीच सांगायचं.

ही रीत आजीबाईंची.

आजीबाई हे सिस्टरांचं शेवटचं काम. तिथे त्या सहा वर्षं होत्या. आजीबाईंचा जन्म लांब आग्नेय आशियातल्या एका बंदरातला. लग्न होऊन त्या इकडे आल्या, साठ वर्षं इथे काढली, मुलं-नातवंडं इथेच झाली, पण जीभ काही पूर्ण आली नाही. ती अर्धी तिकडेच राहिली, त्या कोळंबीच्या झणझणीत नूडल्समध्ये. लाक्सा म्हणायच्या त्याला. कमरेचं हाड मोडून त्या पलंगाला खिळल्या तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. सुनेला नोकरी, मुलाला फिरती. मग आजीबाईंनी सिस्टरांनाच कामाला जुंपलं. सिस्टर स्वयंपाकघरात, आजीबाई आतल्या पलंगावर, मधलं दार सताड उघडं.

माप म्हणून काही नाही. विचारलं तर म्हणायच्या, "माप आजाऱ्याला, औषधाला. स्वयंपाकाला कान."

सुक्या लाल मिरच्या भिजवायच्या. छोटे कांदे, लसूण, गवती चहाच्या दांड्याचा खालचा पांढरा भाग, ओली हळद, आल्याची थोरली बहीण शोभेल अशी एक कडक मुळी, चार काजू, हे सगळं वाटायचं. सुकटाची आंबवलेली काळपट वडी तव्यावर भाजायची. तिचा वास असा, की सिस्टरांच्या घराखालचा शिंपी अजूनही खिडकी लावून घेतो आणि गिऱ्हाइकांचे कपडे आत ओढतो. मग सगळं तेलात परतत बसायचं. आणि परतताना मसाला जो तडतड-फुसफुस आवाज करतो, तो आजीबाई पडल्या पडल्या ऐकायच्या.

"झालं का, आजी?"

"अजून नाही. बडबडतोय तो. पाणी आहे पोटात."

"आता?"

"अजून नाही. घाई तुला आहे का मला? मी तर इथेच आहे."

पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मसाल्यातलं पाणी आटायचं, तेल कडेला सुटायचं आणि कढई एकाएकी गप्प व्हायची. नुसता एक बारीक सूर उरायचा. तेव्हा आतून आवाज यायचा, "हां. आता शहाणा झाला. घाल पाणी."

पाणी म्हणजे कोळंबीच्या डोक्यांचं. डोकी आणि टरफलं तेलात लाल होईस्तोवर भाजायची, चेचायची, उकळायची, गाळायची. त्यात मसाला, वरून नारळाचं दूध, शेवटी कोळंबी. ती वळून अर्धचंद्र झाली की आच बंद. वाडग्यात तांदळाचे नूडल्स, मोड आलेले मूग, तळलेला टोफू, अर्धं अंडं, आणि वरून हा लालभडक रस्सा.

सगळं शिकवलं आजीबाईंनी. फक्त एका ठिकाणी सिस्टरांनी त्यांचं ऐकलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं. रक्तदाब फार आहे, पोटही नाजूक. नूडल्स खायचेच असतील तर महिन्यातून दोनदा खाऊ द्या, पण मीठ निम्मं आणि तिखट नावाला. हे आजीबाईंना सांगायची कुणाची छाती नव्हती. मुलगा म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच बघा काय ते."

सिस्टरांनी बघितलं. मिरच्यांच्या सगळ्या बिया काढल्या, मिरच्या तीन पाण्यांतून काढल्या. रंग राहिला, जाळ गेला. मीठ निम्मं केलं आणि ते झाकायला लिंबू वाढवलं, कोळंबीची डोकी दुप्पट केली.

"मीठ घातलंस?" आतून विचारणा व्हायची.

"घातलं."

खोटं नव्हतं ते. घातलं होतंच की! पण तो एक शब्द सिस्टरांना सहा वर्षं टोचत राहिला. वाडगा हातात घेऊन आजीबाई पहिला घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि सिस्टरांना म्हणायच्या, "जा, तू मागचं आवरून ये. मला कुणी बघत असलं की गिळत नाही." सिस्टर गुपचूप उठायच्या. मागचं आवरून येईपर्यंत वाडगा चाटूनपुसून रिकामा असायचा आणि आजीबाईंच्या कपाळावर घाम. "वा," म्हणायच्या, "जीव थंड झाला."

ते 'वा' ऐकलं की सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना त्या एवढंच म्हणायच्या, देवा, म्हातारीला फसवते आहे, पण तिच्याच भल्यासाठी. तुला ठाऊक आहे.

उशाशी स्टुलावर औषधं, चष्मा आणि एक पांढरी क्रीमची डबी असायची. क्रीम लेकीकडची नात आणायची. नातीचं नाव सिस्टरांनी भिंगरी ठेवलं होतं, कारण ती एका जागी ठरायची नाही. दर रविवारी यायची, आजीशी कुजबुजायची, जुनी डबी न्यायची, नवी ठेवायची. एकदा सिस्टरांनी आजीबाईंच्या भेगाळलेल्या टाचांना ते लावायला डबी उचलली, तर म्हातारीने हिसकावून घेतली. "टाचांना कसलं लावतेस! तोंडासाठी आहे ते." तोंड तर सुकल्या बोरासारखं. सिस्टर भिंगरीला म्हणाल्यासुद्धा, "अगं, दुसऱ्या कंपनीचं आण. याने काडीचा फरक नाही." भिंगरी नुसती खाली बघून हसली.

आजीबाई एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. तापाचं निमित्त झालं, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर सिस्टरांनी काम सोडलं. गुडघेही बोलायला लागले होते. पण लाक्सा सुटला नाही. आता मात्र पूर्ण मिठाचा, पूर्ण तिखटाचा. आतून "अजून नाही" असं सांगायला कुणी नसलं की त्यांचा हातच चालेना, म्हणून मिस्टरांना पलंगावर आडवं केलं. पहिली दोन वर्षं त्यांनी अंदाजपंचे सांगून मसाला जाळला. मग कान तयार झाला. पण दर वेळी पहिला घोट घेताना सिस्टरांचा हात थबकायचा. हा खरा. हा तिला एकदाही दिला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही.

आणि अकरा वर्षांनी, एका बुधवारी, भिंगरीचा फोन आला.

"मावशी, ओळखलंस?"

"अगं बाई! कुठे असतेस? काय करतेस?"

"जनावरांची डॉक्टर झालेय. गाईम्हशींच्या लाथा खाते. मावशी, आजीचे नूडल्स मी घरी बारा वेळा केले. बाराही वेळा फसले. बाबा म्हणतात चांगले झालेत, पण ती चव येत नाही. तू शिकवशील? या रविवारी येऊ?"

"ये की! विचारायचं काय त्यात," सिस्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवून खुर्चीत बसल्या.

मिस्टर भिंगाखाली एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. "काय झालं?"

"ती आजीची चव मागते आहे."

"मग दे."

"कुठली देऊ? आजीची की माझी? पोर आजीच्या वाडग्यातलं खायची. तिला वाटतं तीच खरी."

मिस्टरांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "खरं सांगून टाक."

"काय सांगू? तुझ्या आजीला मी सहा वर्षं अळणी घातलं आणि तोंडावर 'घातलं' म्हणत राहिले? ती मला मावशी म्हणते हो."

"मग सांगू नकोस."

"आणि ते पोटात ठेवून तिला शिकवू? तुमचं आपलं बरं असतं. दोन्हीकडून बोलायचं आणि घड्याळात डोकं घालायचं."

शेवटी त्यांनी ठरवलं: खरा करायचा. पूर्ण मीठ, पूर्ण तिखट. म्हातारीला दिला नाही तो निदान तिच्या नातीला तरी द्यायचा. तिने विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर… ते देव बघेल.

रविवारी सकाळी त्या मासळीवालीकडे गेल्या.

"डोकी ठेव बाई. काढू नकोस."

"दर वेळी डोकी! डोक्यांचं करता तरी काय?"

"सगळी चव डोक्यात असते."

"मग आमच्या घरच्या माणसांत कुठे गेली कोण जाणे," मासळीवाली म्हणाली आणि मूठभर डोकी वरून फुकट टाकली.

भिंगरी दहाला आली. उंच झाली होती, खांद्याला मोठी पिशवी, हातावर कुठल्याशा वासराच्या दातांचे व्रण. वाकून नमस्कार करायला गेली तर सिस्टरांनी तिला मध्येच उचलून कवटाळलं. नंतर दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. सिस्टरांनी कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढायला दिला. भिंगरीचा हात डॉक्टरचा, दोरा अखंड बाहेर यायचा.

मसाला कढईत पडला. वास घरभर झाला, खाली शिंप्याची खिडकी धाडकन लागली. सिस्टर सवयीने ओरडल्या, "झालं का हो?"

"अजून नाही," आतून आवाज आला.

भिंगरीच्या हातातली सुरी थांबली. "हे काय?"

"काही नाही गं. तुझे काका. पडायचं काम आहे ते."

भिंगरी दारातून डोकावली. मिस्टर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, अगदी आजीबाईंसारखे पडले होते. त्यांनी एक डोळा उघडला. "हसू नकोस. अकरा वर्षांची नोकरी आहे माझी. सुट्टी नाही, बढती नाही."

ती हसली. मग तिने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. "कांदा," म्हणाली. कांदा तर केव्हाच वाटून झाला होता.

कढई गप्प झाली. "शहाणा झाला," मिस्टर म्हणाले. डोक्यांचं पाणी ओतलं. त्यातलं एक भांडंभर सिस्टरांनी नेहमीसारखं बाजूला ठेवलं, मीठ जास्त झालंच तर असावं म्हणून. नारळाचं दूध, कोळंबी, आणि शेवटी मीठ. पूर्ण. सिस्टरांनी वाडगा भरला आणि भिंगरीपुढे ठेवला. मनात देवाला हात जोडले.

भिंगरीने घोट घेतला. थांबली. आणखी एक घेतला. चमचा खाली ठेवला.

"मावशी, फार छान झालंय. खरंच."

"पण?"

"पण हे ते नाही. माझेही बारा वेळा असेच झाले होते."

सिस्टर तिच्यासमोर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ते नसणारच. हे तुझ्या आजीने शिकवलेलं आहे. तू खायचीस ते मी केलेलं. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं, तिखट तोडायला सांगितलं होतं. मी निम्मं घालायचे. ती विचारायची घातलंस का, मी घातलं म्हणायचे. सहा वर्षं, भिंगरी. तिने तिच्या माहेरची चव मागितली आणि मी तिला आजाऱ्याचं जेवण दिलं. अकरा वर्षं हा घास मला गोड लागलेला नाही."

भिंगरीने वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, "निम्मं?"

"निम्मं. शेवटी शेवटी त्याहून कमी. रविवारी नूडल्स झाले की सोमवारी रक्तदाब वर गेलेला असायचा. मी आणखी कमी करायचे."

"तसं करून दे मला. आत्ता."

सिस्टर उठल्या. बाजूला ठेवलेलं बिनमिठाचं पाणी एका छोट्या पातेल्यात घेतलं, त्यात रश्शाचा थोडा भाग, नारळाचं दूध, लिंबू पिळलं. सहा वर्षं केलेलं काम, हात आपोआप चालला. भिंगरीने घोट घेतला. डोळे मिटले. 

"अजून नाही," भिंगरी म्हणाली.

आणि तिने पिशवीतून एक पांढरी क्रीमची डबी काढून वाडग्याशेजारी ठेवली. झाकण फिरवलं. आत काठोकाठ लाल, तेलकट, जाड मिरचीची चटणी. सुकट वाटलेली, मीठ सणसणीत. तिने अर्धा चमचा घेऊन वाडग्यात ढवळला, चाखला, आणि वाडगा दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.

"हे," ती म्हणाली. "हे ते."

सिस्टरांनी डबीकडे बघितलं. भिंगरीकडे बघितलं. पुन्हा डबीकडे.

"ती क्रीम…"

"आईच्या फ्रिजमधली चटणी. आजीने मला नऊ वर्षांची असताना फितवलं. तू मागचं आवरायला गेलीस की ती पटकन दोन चमचे घालायची. मी दाराशी पहाऱ्याला."

"अगं कार्टे!" सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. "म्हणजे तो रक्तदाब! मी मीठ कमी करत होते आणि ती चमचे वाढवत होती! डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली! आणि मी मूर्ख, तुला म्हणते दुसऱ्या कंपनीचं आण! ती डबी मी रोज फडक्याने पुसत होते गं, रोज!"

"अगं, हळू," आतून मिस्टर म्हणाले, "कुणी गेलं का?"

"तुम्ही गप्प पडा!"

भिंगरी हसत नव्हती. मघापासून तिच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबत होतं.

"मावशी, मी चवीसाठी आले हे अर्धं खरं आहे. मला तुला हे सांगायचं होतं. त्या महिन्यात परीक्षेमुळे मी आले नव्हते. आजी गेली त्याच्या आदल्या रविवारी तेवढी नवी डबी ठेवून पळाले होते. गच्च भरलेली. ती गेल्यावर गर्दीत मी ती उचलली आणि न उघडता कचऱ्यात टाकली. मला बघायचंच नव्हतं किती संपलीय. मी पंधरा वर्षांची होते. आता डॉक्टर आहे, मीठ काय करतं ते मला कळतं. कुणाला विचारू शकले नाही. तुला विचारते. माझ्यामुळे गेली का गं ती?"

सिस्टरांचा सगळा राग जागच्या जागी विरला. अकरा वर्षं या लेकराने हे एकटीने वाहिलं. त्या खाली बसल्या आणि तिचे हात धरले. बोलल्या तेव्हा आवाज मावशीचा नव्हता. सत्तावीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या बाईचा होता.

"नीट ऐक. शेवटचे तीन आठवडे तुझ्या आजीने नूडल्सना तोंड लावलं नाही. मी दोनदा केले, दोनदा परत नेले. ती भाताचं पाणी घ्यायची, तेही मी चमच्याने भरवायचे, आणि मी उशापासून हलत नव्हते. ती डबी कुणी उघडलीच नाही. तू ठेवलीस तशी होती."

"खरंच?"

"देवाशपथ. आणि रक्तदाब त्या दिवसांत खाली होता, वहीत लिहिलंय मी. मिठाने जायची असती तर तुझी आजी साठीतच गेली असती. वय झालं होतं गं तिचं. दमली होती."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"पंधरा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार! आणि तू विचारलंस कुठे?"

भिंगरीने खूप वेळ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग नाक ओढत म्हणाली, "आणि एक. आजीला माहीत होतं. तू मीठ कमी घालतेस ते. पहिल्याच घासाला कळलं होतं तिला. किती कमी, ते मला आज कळलं."

"मग बोलली का नाही मला?"

"मी म्हटलं तिला, मावशीला सांग ना जास्त घालायला. तर म्हणाली, खबरदार. ती बाई इतक्या निगुतीने अळणी करते, लिंबू पिळते, डोकी दुप्पट घालते. कळलं तर तिला वाईट वाटेल. तू आपली डबी आण."

सिस्टर उठून आत गेल्या, देवापुढे क्षणभर उभ्या राहिल्या. मनात म्हणाल्या, तुला ठाऊक होतं आणि तूही बोलला नाहीस. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते आणि ओठ मात्र हसू दाबत होते.

"मला कुणी जेवायला वाढणार आहे का," मिस्टरांनी विचारलं, "की मी अजून आजारीच आहे?"

तिघं जेवली. निम्म्या मिठाचा रस्सा, वर डबीतला अर्धा चमचा. सिस्टरांनी पहिला घोट घेतला. हात थबकला नाही. मिस्टरांनी दोनदा मागून घेतलं आणि सांगितलं की अकरा वर्षं आपण जे खात होतो ते आपल्याला कधीच फारसं आवडलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी मनापासून करायचीस."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "काय माणसं भेटली आहेत मला एकेक!"

जेवणानंतर भिंगरी कागद-पेन घेऊन बसली. "सांग आता. सगळं. काही गाळू नकोस."

सिस्टरांनी सांगितलं. मिरच्या किती, कांदे किती, वडी किती भाजायची. भिंगरी लिहीत गेली. मसाला परतायच्या जागी येऊन तिने मान वर केली. "किती मिनिटं?"

"मिनिटं नाही. लिही: आतल्या खोलीत एक माणूस आडवा करावा."

"तो कुठून आणू?"

"तो शोध तू. मी काय सगळंच देऊ?"

भिंगरी हसत हसत पुढे लिहीत राहिली. पाणी, दूध, कोळंबी. "आणि मीठ?"

 सिस्टरांनी समोरच्या त्या पांढऱ्या डबीकडे बघितलं.

"मीठ निम्मं," त्या म्हणाल्या. "आणि आतून कुणी विचारलं, घातलंस का, तर म्हणायचं, घातलं. आणि मग थोडा वेळ मागचं आवरायला जायचं."